उल्काचे उपास

कोथरूड, पुणे
२४ ऑक्टोबर १९९६

प्रिय बिल्की,

तुझं नांदेडचं पत्र सप्टेंबरात आलं आणि उत्तर आत्ता लिहिते आहे. शिव्या दे. आधी सहामाही होती, मग नवरात्र. जूनमध्ये तुझ्या अब्बांची बदली झाली आणि तुम्ही गेलात, तेव्हा बारावी म्हणजे काय याची मला कल्पना नव्हती. आता आली आहे.

सकाळी कॉलेज. संध्याकाळी सदाशिव पेठेत यज्ञेश्वर सरांचा क्लास. दर रविवारी सकाळी चाचणी, आणि निकाल तिथल्या तिथे. सर तो खालून वर वाचतात. ज्याचं नाव येईल त्याने उभं राहायचं आणि पहिला नंबर येईपर्यंत उभंच राहायचं. एका रविवारी मी फार लवकर उभी राहिले. सर म्हणाले, "उल्काताई, पाय दुखत असतील. पुढच्या वेळी जरा उशिरा उभ्या राहा." सगळे हसले. मीही हसले. विनोद चांगला होता.

आता बातमी. मी नवरात्राचे उपास केले. सगळे दिवस. आईचा विश्वास बसेना. आमच्याकडे उपास म्हणजे आषाढी आणि महाशिवरात्र, तेही बाबांना साबुदाण्याची खिचडी आवडते म्हणून. आईने हौसेने वरीचे तांदूळ केले, दाण्याची आमटी केली. बाबा म्हणाले, "देवीला विचारून घ्या, तिला झेपेल का." पण मे महिन्यात प्रेमलाआत्या गेली तेव्हापासून ते टोमणा मारून स्वतः हसत नाहीत. जेवण झालं की गॅलरीत जाऊन बसतात. बहीण म्हणून ती एकटीच होती त्यांना.

उपासात हलकं वाटतं. क्लासला जाताना पोट रिकामं असलेलं बरं.

बाकी विशेष काही नाही. मध्ये एकदा वर्गात छाती फार धडधडली. झोप कमी आणि चहा जास्त, दुसरं काय.

तुझी,
उल्का


नांदेड
१८ नोव्हेंबर १९९६

उल्के,

नवरात्राचे उपास? तू? ईदच्या दुसऱ्या दिवशी माझ्या डब्यातल्या शिरखुर्म्यासाठी शाळेच्या फाटकाशी उभी राहणारी तू? अम्मीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बच्ची बडी हो गई." मी म्हटलं, अम्मी, काहीतरी गडबड आहे.

कोण आहे तो? नवस बोलल्याशिवाय कोणी इतके दिवस रताळी खात नाही. क्लासमधला आहे? चष्मा आहे का? यज्ञेश्वर सर नसू देत म्हणजे मिळवलं.

माझं ठीक चाललं आहे. आर्ट्सला अभ्यास असतो हे इथे कोणी मानत नाही, त्यामुळे दुपारचा सगळा स्वयंपाक माझ्याकडे आला आहे. कॉलेजातल्या मुली म्हणतात, मी मराठी नाकात बोलते. त्यांना सांगितलं, ते नाक नाही, ते पुणं आहे. अब्बा म्हणतात दोन वर्षांत परत जाऊ. शकीलभाई म्हणतो, तोवर पुणं आपल्याला ओळखणार नाही. पुणं आधी तरी कुठे कोणाला ओळख देत होतं.

फराळ पाठवला नाहीस. चकल्या तरी पाठवायच्या होत्यास. की त्याही देवीला वाहिल्या?

नाव कळव. पहिलं अक्षर तरी.

बिलकिस


कोथरूड, पुणे
२० डिसेंबर १९९६

प्रिय बिल्की,

कोणी नाही. चष्म्याचा नाही, बिनचष्म्याचा नाही. इथे लोकांकडे बघायला वेळ कोणाला आहे.

उपास वाढले आहेत. सोमवार, गुरुवार, शनिवार. बाबा म्हणतात, "बाकीच्या देवांनी काय घोडं मारलंय?" आई त्यांना गप्प करते. मार्गशीर्ष लागला तशी तिने मला महालक्ष्मीच्या गुरुवारची पोथी आणून दिली. खालच्या मजल्यावरच्या जोगळेकरकाकूंना हे कळलं. "हल्लीच्या मुली बघा आणि ही बघा," असं त्या जिन्यात भेटेल त्याला सांगतात. काल गुरुवारी बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका त्यांच्याकडे जमल्या आणि पोथी वाचायला मला बसवलं.

दुसऱ्या पानावर माझा आवाज अडकला. ओठ हलत होते, अक्षरं दिसत होती, आवाज येत नव्हता. घसा कोणीतरी आतून मुठीत धरला होता. मी खोकला आल्यासारखं केलं, उठले, त्यांच्या बाथरूममध्ये नळ सोडून उभी राहिले. हात गार पडले होते आणि बोटांना मुंग्या आल्या होत्या. पुढची कथा आईने वाचली. मी बाहेर आले तर काकू म्हणाल्या, "निर्जळी करते वाटतं पोरगी! चेहरा कसा तेजस्वी झालाय बघा." चेहरा पांढरा झाला होता, बिल्की. आई मात्र इतकी खूश होती की परत येताना जिन्यात तिने माझा हात धरला.

हसलीस ना? मीही लिहिताना हसते आहे.

गेल्या रविवारी चाचणीत मी बरीच उशिरा उभी राहिले. त्या आनंदात क्लासमधल्या मुलींबरोबर सारसबागेत गेले आणि दोन प्लेट भेळ खाल्ली. उपासाचा वार नव्हता.

एक विचारायचं होतं. प्रेमलाआत्याला अगदी सुरुवातीला काय होत होतं? दवाखान्यात तू तिच्याजवळ बसायचीस, ती तुझ्याशी बोलायची. मला घरात हे कोणाला विचारता येत नाही.

तुझी,
उल्का


नांदेड
३० डिसेंबर १९९६

उल्के,

मी तुला नवसावरून चिडवायला नको होतं. आत्यांबद्दलचा तुझा प्रश्न वाचला आणि लक्षात आलं. हे उपास त्यांच्यासाठी आहेत ना? आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्यासाठी कुराण वाचतात, गरिबाला जेवू घालतात. काहीतरी करावंसं वाटतं. तू हे करते आहेस. आणि मी विचारत बसले, चष्मा आहे का.

तू विचारलंस म्हणून सांगते. त्या म्हणाल्या होत्या, पहिल्यांदा घास अडकायला लागला. आधी भाकरी, मग पोळी. पाणी पीत पीत जेवायच्या आणि कोणाला सांगायच्या नाहीत. वजन उतरलं तेव्हा लोकांना वाटलं, चालायला जातात त्याचा गुण. हे सगळं त्या हसत सांगायच्या. मग भातही अडकायला लागला आणि डॉक्टरांनी अन्ननलिकेचा कॅन्सर सांगितला. शेवटी नुसतं दूध उतरायचं.

त्यांना आठवत असशील तर असं आठव. त्या फार मजेदार होत्या.

जानेवारीत आमचा रमजान सुरू होतो आहे. म्हणजे तू तिकडे उपाशी, मी इकडे उपाशी. एकमेकींना पत्रं लिहू.

बिलकिस


कोथरूड, पुणे
१५ जानेवारी १९९७

प्रिय बिल्की,

तू बरोबर ओळखलंस. उपास आत्यासाठीच आहेत. सांगायला संकोच वाटत होता.

तिळगूळ घे, पाकिटात चार दाणे घातले आहेत. काल घरोघरी देऊन झाला. मंगळवार असल्यामुळे मी खाल्ला नाही. आता मंगळवारही धरला आहे.

प्रिलिम चालू आहे. प्रॅक्टिकल फेब्रुवारीत, लेखी लगेच पुढे. तब्येत चांगली आहे. आईने माझे दोन ड्रेस आत घेतले.

बसमध्ये लिहिते आहे, म्हणून अक्षर असं आलं आहे.

उल्का


नांदेड
२१ जानेवारी १९९७

उल्के,

माझे रोजे चालू आहेत. दुपारी चार वाजता मी काय करते, सांगते. स्वयंपाकघरात जाते आणि डबे उघडून वास घेते. काल शकीलभाईने विचारलं, "तू पोलीस आहेस का?" माझ्या वहीच्या मागच्या पानावर इफ्तारला काय हवं ते लिहिलेलं असतं, अगदी कांदाभज्यांपासून. मराठीच्या तासाला कवितेत आंबा आला आणि मला पुढचं काही ऐकू आलं नाही. उपाशी माणूस देवाबद्दल कमी आणि जेवणाबद्दल जास्त बोलतो. अम्मी तीस वर्षं रोजे धरते आहे. तीसुद्धा.

तुझी सगळी पत्रं काढून बसले. त्यांत तुला एकदाही भूक लागलेली नाही. वरीचे तांदूळ आईने केले, एवढंच आहे. ते कसे लागले हे नाही. उपास सुटताना पहिला घास कशाचा घेतलास हेही नाही. नवरात्रात रताळ्यांचा कंटाळा आला असं तू लिहिलं असतंस. तू दाण्याचं कूट कमी पडलं म्हणून भांडणारी मुलगी आहेस.

आणि तुझं गेलं पत्र बसमध्ये लिहिलेलं नाही. तू बसमध्ये मान खाली घातलीस की तुला मळमळतं. शाळेच्या सहलीत मी तुझ्या शेजारी होते.

मी तुला आत्यांचं सगळं सविस्तर लिहून पाठवलं. का विचारते आहेस हे न विचारता.

काय होतंय तुला?

बिलकिस


कोथरूड, पुणे
२७ जानेवारी १९९७

बिल्की,

हे वाचून झाल्यावर फाडून टाक. तुला तुझ्या रोज्याची शपथ, कोणाला सांगू नकोस. अम्मीलाही.

मला घास गिळता येत नाही.

सहामाहीच्या वेळी सुरू झालं. घास चावून होतो, मागे जातो आणि तिथे दार बंद असतं. जोर केला की उलटून येतो. बाबांचा नियम तुला माहीत आहे, पानात टाकायचं नाही. दहा मिनिटं ताटासमोर बसले की आई विचारते, भाजी बिघडली आहे का. बाबा विचारतात, मुहूर्त बघायचा का. नवरात्र आलं आणि मला सुचलं. उपासाच्या दिवशी ताट नसतं, वाटी असते. वाटी घेऊन खोलीत गेलं तरी चालतं आणि त्या वाटीचं कोणी काही विचारत नाही. उलट कौतुक होतं. मग एकेक वार वाढवला. वाटीतलं काय करते ते लिहीत नाही.

आधी फक्त पोळी अडकायची. आता भातही. दूध उतरतं. तू आत्याचं लिहिलंस ते अगदी याच क्रमाने आहे. तुझं पत्र आलं त्या रात्री मी झोपले नाही. तुला दोष देत नाही, मीच विचारलं होतं.

बाकीचं पण सांगते, नाहीतर पुन्हा धैर्य होणार नाही. क्लासच्या जिन्यात पाय कापसाचे होतात. छाती इतकी धडधडते की शेजारच्या मुलीला ऐकू जाईल असं वाटतं. श्वास घेतला तरी पुरत नाही, जांभईसारखा घ्यावा लागतो. ओठांना मुंग्या येतात. चाचणीच्या आधी तीन-तीनदा बाथरूमला जावं लागतं. केमिस्ट्रीच्या प्रिलिमला ब्युरेटचा खटका हातात धरवत नव्हता. थेंब थेंब सोडायचं तिथे सगळं भळकन गेलं. आमच्या मॅडम म्हणाल्या, "कंप हाताला आहे की ब्युरेटला?" तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला आवाज बंद झाला. मी उत्तर वहीवर लिहून दाखवलं. त्या म्हणाल्या, बोर्डाच्या परीक्षेत बाहेरचे सर असतील, ते असं चालवून घेणार नाहीत.

कॅन्सर सगळीकडे पसरला की हात थरथरतात का, हे मी कॉलेजच्या वाचनालयात शोधलं. सापडलं नाही.

आईबाबांना सांगता येत नाही. बाबा आत्याला दवाखान्यात न्यायचे, आणायचे, चमच्याने दूध पाजायचे. ते परत तेच सुरू करतील. परीक्षा होऊ दे. परीक्षा झाली की सांगेन.

उल्का


नांदेड
१ फेब्रुवारी १९९७

उल्के,

पत्र फाडलं नाही. शपथ पाळेन असंही सांगत नाही. तू शपथ घातलीस, मी घेतलेली नाही.

रागाव, पण आधी हे वाच. तुझ्याच पत्रात लिहिलं आहेस, चाचणी संपल्यावर सारसबागेत दोन प्लेट भेळ खाल्लीस. भेळेत कुरमुरे असतात, शेव असते, कडक पुरी असते. पोळी अडकते आणि पुरी जाते? गाठ रविवारी दुपारी सुट्टीवर जाते का? आत्यांची गेली नव्हती. मी बघितलं आहे.

मी डॉक्टर नाही. माझं चुकत असेल. पण चुकत असलं तरी परीक्षेपर्यंत थांबायचं कशासाठी? कॅन्सर असेल तर थांबणं मूर्खपणा आहे आणि नसेल तर इतके दिवस उगाच मरते आहेस.

आत्या हसत हसत सांगायच्या ते तुला आठवतं. त्यांनी एक गोष्ट न हसता सांगितली होती, ती मी तुला लिहिली नव्हती. "चार महिने गप्प बसले गं. त्या चार महिन्यांचं वाईट वाटतं."

हे पत्र तुला मंगळवारी किंवा बुधवारी मिळेल. मी सुहासिनीकाकूंना, तुझ्या आईलाच, पत्र लिहून ठेवलं आहे. शुक्रवारी सकाळी पेटीत टाकणार. त्याच्या आत तू सांग. एक वाक्य पुरे. तुझ्या पाठीमागे करायचं नाही म्हणून वार सांगते आहे.

मैत्री तोडायची असेल तर शुक्रवारनंतर तोड.

बिलकिस


कोथरूड, पुणे
१४ फेब्रुवारी १९९७

चि. बिलकिस,

अनेक आशीर्वाद. ईदच्या शुभेच्छा उशिरा देते आहे, राग मानू नकोस. तुझ्या अम्मींनाही सांग.

तुझं पत्र सोमवारी आलं. तोवर उल्काने सांगितलं होतं. ती विचारते, "बिल्कीचं पत्र आलं का?" मी म्हणते, "नाही." टपाल आहे, हरवतं कधी कधी. तिने आपण होऊन सांगितलं, ते तसंच राहू दे.

गुरुवारी रात्री आम्ही जेवायला बसलो होतो. तिच्या समोर वाटी. हे म्हणाले, "आज कोणत्या देवाची पाळी?" ती म्हणाली, "बाबा, मला उपास नाहीये. मला आत्यासारखं झालंय." आणि मग सगळं एका दमात सांगितलं, खाली बघून. यांच्या हातात घास होता तो त्यांनी ताटात ठेवला. ताट तसंच सोडून उठले. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पानात टाकून उठलेलं मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं.

मला वाटलं गॅलरीत जातील. ते तिच्याजवळ जमिनीवर बसले. म्हणाले, "मलाही अडकतो." प्रेमलावन्सं गेल्यापासून प्रत्येक जेवणानंतर हे गॅलरीत जाऊन आवंढा गिळून बघत होते, नीट जातो की नाही. मला ठाऊक नव्हतं. एका टेबलाशी बसून दोघं तेच करत होते आणि मी मध्ये बसून वाढत होते.

दुसऱ्याच दिवशी सदाशिव पेठेतल्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी फोटो काढायला सांगितला. चुन्यासारखं पांढरं औषध प्यायचं आणि ते उतरत असताना क्ष-किरणाने बघतात. उल्काला पहिला घोट गिळवेना. हात इतके थरथरत होते की पेला मी धरला. तिथला माणूस म्हणाला, लवकर करा, बाहेर रांग आहे. हे म्हणाले, "रांग मला माहीत आहे. गेल्या वर्षी तिच्यात मी उभा होतो. तिला वेळ द्या." बराच वेळ गेला. मग तिने प्यायलं.

फोटो स्वच्छ आला. गाठ नाही, काही नाही. मला वाटलं, संपलं. घरी येऊन तिच्या आवडीची मटार-उसळ केली आणि ती तिला गेली नाही. मी चिडले. म्हटलं, आता काय झालं? रिपोर्ट बघितलास ना? ती रडायला लागली. पुन्हा बाईंकडे. त्या मला म्हणाल्या, "गाठ नाही हे खरं आणि घास अडकतो हेही खरं. ती नाटक करत नाही. भीतीने मूठ आवळते ना, तसा गळा आवळतो. मूठ उघड म्हणून ओरडलं तर अजून आवळेल." छातीचं, हातांचं, श्वासाचं, सगळं त्याच भीतीचं आहे म्हणाल्या. हळूहळू सुटेल. महिने लागतील. श्वास घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्यायला शिकवलं आहे. परीक्षा द्यायची की नाही हे तिने ठरवायचं. ती म्हणते, देणार.

जोगळेकरकाकू सांगायला आल्या होत्या, व्रत असं मध्येच सोडत नाहीत, उद्यापन करावं लागतं. मी म्हटलं, "देवीनेच सुट्टी दिली." पुन्हा आल्या नाहीत.

मला तिच्या उपासांचा अभिमान वाटत होता. त्याचं काय करायचं ते मी बघेन. तू तिला पत्र लिहीत राहा. परीक्षेबद्दल विचारू नकोस. दुसरं काहीही लिही.

तुझी,
सुहासिनीकाकू


कोथरूड, पुणे
२२ फेब्रुवारी १९९७

प्रिय बिल्की,

मी तुझ्यावर फार चिडले होते. अजून थोडी आहे. शुक्रवार म्हणे. पोलीस नोटीस देतात तशी.

मी बरी झालेले नाही. हे आधी सांगते, कारण सगळ्यांना वाटतं फोटो स्वच्छ आला म्हणजे झालं. मलाही तसंच वाटलं होतं. क्ष-किरणाच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा इतकं हलकं वाटलं की रिक्षात गाणं म्हटलं. आणि संध्याकाळी मटार घशाशी येऊन थांबले. मी मनात म्हणत होते, गाठ नाही, गाठ नाही. घशाला ते ऐकू जात नाही. काही दिवस मऊ भात जातो, काही दिवस फक्त पेज. परवा पाव पोळी गेली. काल पुन्हा नाही.

मी जेवत असताना कोणी माझ्याकडे बघायचं नाही असं ठरलं आहे. म्हणून बाबा जेवताना पेपर उघडून बसतात. एकच पान सगळं जेवण होईपर्यंत. टोमणे बंद झाले आहेत. घरात इतकी शांतता की चमचा वाजला तरी आई दचकते. शेवटी मी म्हटलं, "बाबा, काहीतरी बोला ना." ते पेपरमागून म्हणाले, "सुचत नाही. यज्ञेश्वरांकडे क्लास लावावा म्हणतो." आई हसली. मग मीही.

क्लास मी सोडला आहे. बाबा सांगायला गेले होते. सर म्हणाले, "हुशार मुलगी, कमकुवत मन." बाबांनी काय उत्तर दिलं ते मला सांगत नाहीत. आईला सांगितलं आहे, कारण ती दोन दिवस आपली आपण खुदकन हसत होती.

मंगळवारी केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल झालं. सकाळी पेजही गेली नाही. बसमध्ये हात गार, पोटात गोळा, सगळं नेहमीचं. कॉलेजच्या फाटकातून परत फिरले होते. दोन पावलं नाही, पार बसथांब्यापर्यंत. बस आली नाही म्हणून राहिले. असं कोणाला सांगू नकोस, सगळ्यांना वाटतंय मी धीराने गेले.

ब्युरेटला हात कापतच होता. कोपर टेबलाला टेकवलं आणि दोन्ही हातांनी खटका धरला. बावळट दिसत होते. पहिल्या खेपेला जास्त गेलं, दुसऱ्या खेपेला जमलं.

मग तोंडी. बाहेरून आलेले सर वयस्कर होते, समोर माझी वही, हातात लाल पेन. त्यांनी पहिला प्रश्न विचारला आणि घसा बंद झाला. मला कळलं, आता हे वाट बघणार, मग पेन उचलणार, मग शून्य. श्वास सोडला. आणखी सोडला. आणि आवाज नव्हताच, नुसता वारा होता, त्या वाऱ्यात मी म्हटलं, "सर, थोडं थांबाल का? माझा आवाज अडकतो. येतो परत."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाले, "थांबतो. माझा चहाही यायचाय." आणि पेन खाली ठेवलं.

आम्ही दोघं बसलो. पलीकडे कोणाची तरी परीक्षानळी फुटली. खूप वेळ गेला असेल किंवा अगदी थोडा. त्यांचा चहा आला, त्यांनी प्यायला. छाती धडधडत होती, ओठांना मुंग्या येत होत्या, आणि तरी मी खुर्चीवरून उठले नव्हते. मग आवाज आला. घोगरा आला, पण आला.

उत्तर चुकलं. भीतीने नाही. तो धडा मी वाचलाच नव्हता.

तुझी,
उल्का